वडिलांनी शिकवलेला खो-खो

माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात खो-खोचा एकही डाव खेळला नव्हता. त्यामुळे तो खेळ आपल्याला पूर्ण कळतो, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. खेळलेल्या माणसाला निदान आपण कुठे चुकलो ते आठवतं. वडिलांना ती अडचण नव्हती.

ते विणकर होते. नागपुरात इतवारीच्या पलीकडे आमची गल्ली होती. घरोघरी हातमाग, दिवसभर खटखट, आणि सकाळच्या वेळी गल्लीभर ताणे. लुगड्याचं उभं सूत आधी लांब मांडून घ्यावं लागतं, त्याला ताणा म्हणतात. गल्लीत ओळीने काठ्या रोवायच्या, हातात सूत घ्यायचं आणि त्या काठ्यांमधून झपाझप चालायचं. एका काठीच्या डावीकडून, पुढचीच्या उजवीकडून, पुन्हा डावीकडून. टोकाला पोचलं की वळसा घालून तसंच परत. अशा शेकडो फेऱ्या झाल्या की ताणा होतो. हे काम बायका आणि मुली करत. एखादी काठी चुकली किंवा कोणी मध्येच मागे वळली की सूत गुंतलं आणि सकाळ वाया गेली. मी सहा वर्षांची असल्यापासून या फेऱ्या मारत होते. शाळेत खो-खो सुरू झाला तेव्हा मी बसलेल्या मुलींमधून सुळसुळ पळाले, याचं मला काही विशेष वाटलं नाही. विशेष वाटलं ते वडिलांना.

नागपूर तेव्हा अजून मध्य प्रदेशची राजधानी होतं. मी तेरा वर्षांची, आठवीत. आठवी झाली की शाळा पुरे, असं आईने ठरवून टाकलं होतं. घरात माग दोन आणि आडव्या सुताच्या कांड्या चाकावर भरायला ती एकटी. मी घरी बसले तर तिला दुसरे हात मिळणार होते. तिचा हिशेब स्वच्छ होता. वडिलांना मी पुढे शिकावं असं वाटायचं, पण आईसमोर ठेवण्यासारखं कारण त्यांच्याजवळ नव्हतं. "शिकून काय होईल?" असं तिने विचारलं की ते मागावरचा धोटा नुसता जोरात फेकायचे. त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांना कारण सापडलं. शहरातल्या शाळांचे सामने होणार होते आणि त्यांतून निवडलेल्या मुली अमरावतीला खेळायला जाणार होत्या.

"अमरावतीले नाव लागलं तर पोरगी नववीत जाईल," वडील जेवताना म्हणाले. "सरकार पोरीले गाडीत बसवून नेते म्हणजे तिच्यात काहीतरी असंनच नं?"

"अन् नाई लागलं तर?" आईने विचारलं.

"तर तू म्हणशील तसं."

"लक्षात ठेवजा," आई म्हणाली आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

मला कोणी काही विचारलं नाही. मुलांना विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. आता पद्धत आहे. आधी विचारतात आणि मग जे ठरलेलं असतं ते करतात. मला नववीत जायचं होतं. शिक्षणावर फार प्रेम होतं असं नाही. पण दिवसभर चाकापाशी बसून कांड्या भरणाऱ्या मुली मी पाहिल्या होत्या, आणि वर्गात बसणाऱ्याही. दोन्हींपैकी कुठे बसायचं, हे ठरवायला फार अक्कल लागत नाही.

दुसऱ्या दिवशी वडील स्वच्छ धोतर नेसून शाळेत गेले. आमच्या खेळाच्या बाई म्हणजे खरं तर शिवणाच्या बाई. शाळेत खेळाला कोणी नव्हतं म्हणून हेडबाईंनी त्यांच्या गळ्यात शिटी घातली होती. ती वाजवली की त्या स्वतःच दचकत.

"बाई, हा खेळ आमचा हाय," वडील म्हणाले.

"तुमचा म्हणजे?"

"ताण्याचा. आठ पोरी बसल्या म्हणजे आठ काठ्या झाल्या. पळणारी आत-बाहेर, आत-बाहेर. आमच्या बायका हे रोज करतात, तेबी हातात सूत धरून. पळणाऱ्यांपैकी तीन पोरी मले द्या, तयार करून वापस करतो."

बाईंच्या पुढ्यात चाळीस झबल्यांच्या उलट्या घातलेल्या बाह्या पडल्या होत्या. त्यांनी तीन मुली लगेच देऊन टाकल्या. एक मी आणि दोघी आमच्याच गल्लीतल्या.

मदत करायला आलेले वडील काही एकटे नव्हते. आमच्या संघाची कप्तान धंतोलीतल्या एका वकिलांची मुलगी होती. ती का कप्तान, असं कोणी विचारत नसे, कारण हेडबाईंच्या खोलीतले पडदे वकिलांच्या घरून आले होते. तिची आई रोज संध्याकाळी टांग्यातून मैदानावर यायची. बरोबर दुधाचा थर्मास, टॉवेल आणि छत्री. हिवाळ्यात छत्री कशाला, ते मला आजही कळलेलं नाही. तिच्याच आग्रहावरून पालकांची एक सभा झाली. विषय, मुलींच्या वेण्यांना रिबिनी कोणत्या रंगाच्या असाव्यात. निळ्या की लाल यावर सव्वा तास गेला. एका कारकून वडिलांनी निळ्याच्या बाजूने उभं राहून भाषण केलं. खो कधी द्यायचा, हे आमच्यातल्या निम्म्या मुलींना येत नव्हतं. तो विषय निघाला नाही. शेवटी ज्याच्या त्याच्या घरात असेल ती रिबीन लावावी असं ठरलं, म्हणजे सभेच्या आधी होतं तेच.

आमचं शिक्षण गल्लीत सुरू झालं. संध्याकाळी ताणे उचललेले असत. वडील आठ काठ्या रोवायचे, खाटेवर बसायचे आणि मांडीवर थाप मारून ताल धरायचे. आत, बाहेर, आत, बाहेर. काठीला हात लागला की फेरी पहिल्यापासून. काठी चुकली की पहिल्यापासून. मध्येच मागे वळलं तर मात्र ते खाटेवरून उठायचेच. वळणं हा त्यांच्या लेखी चोरीच्या वरचा गुन्हा होता.

"पण काका, इथं सूत कुठं हाय?" आमच्यातल्या एकीने पहिल्याच दिवशी विचारलं.

"आहे असं समजून पळ नं वं."

"अन् मागून कोनी मारायले आली तर?"

"तिचं ती पाहीन. तू आपली चाल पाह्य."

एवढंच त्यांचं शास्त्र. ते चूक आहे हे तेरा वर्षांच्या पोरीलाही कळत होतं. काठी उठून आपल्या मागे लागत नाही. खो मिळालेली मुलगी लागते. पण गल्लीतले चार-पाच विणकर काम टाकून बघायला येऊन बसत आणि माना डोलवत. इतक्या माना एकाच दिशेने डोलत असल्या की माणूस गप्प बसतो.

आई मात्र गप्प नव्हती. "संक्रांतीची लुगडी मागावर अर्धी पडली हायेत," ती दारातून ओरडायची, "अन् इथं पोरींचा ताणा घालून राहिले! हे काय नेसतील का लोकं?"

"तुले खेळातलं काई समजत नाई."

"हाव. अन् तुमाले लई समजते."

पहिला सामना आम्ही जिंकलो, हेच वाईट झालं. समोरच्या शाळेच्या मुलींनी असं पळणं पाहिलं नव्हतं. एकाच तालात, एकीमागे एक, तिघी सरसर आत-बाहेर करत निघालो की त्या खो द्यायचं विसरून बघतच राहायच्या. सात मिनिटांत आमच्यातली एकही बाद झाली नाही. वडील परत येताना गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत प्रत्येक ओट्यावर थांबले. ताणा कसा घातला, हे प्रत्येकाला सांगितलं. आम्ही तिघी मागे उभ्या. आमच्यापैकी कोणी पळालं होतं असं त्यांच्या सांगण्यावरून वाटत नव्हतं.

तीन दिवसांनी वकिलीणबाईंचा टांगा आमच्या गल्लीत आला. अशा गल्लीत टांगा शिरला की तो परत फिरवायला चार जणांना दांड्या धरून ढकलावा लागतो. बाई उतरल्या, पदर सावरला आणि वडिलांना म्हणाल्या, "अहो, आमच्या मुलीलाही घ्या ना त्या काठ्यांमध्ये. कप्तान ती, आणि शिकणार दुसऱ्याच, हे बरं दिसत नाही."

वडिलांनी तिला दोन फेऱ्या मारायला लावल्या. ती उंच आणि हाडापेराने मोठी. दोन काठ्या तिने पाडल्या.

"हिची चाल लांब हाय, बाई," वडील गंभीरपणे म्हणाले. "ही लुगड्याच्या ताण्याची पोरगी नाई. सतरंजीच्या ताण्याची हाय."

वकिलीणबाई आमच्या आईकडे वळल्या. "सतरंजीचा ताणा चांगला असतो का हो?"

"लई मजबूत असते," आई म्हणाली. बाई खूश झाल्या. त्यानंतर कप्तानही रोज संध्याकाळी आमच्यात पळू लागली, आणि तिची आई खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसून थर्मासच्या झाकणातून दूध पाजू लागली. माझ्या मुलाच्या पोहण्याच्या तलावावर काठाला उभ्या असलेल्या आया मी पुढे पाहिल्या. हातात घड्याळ, तोंडात सूचना, आणि एकीलाही पोहता येत नाही. मी डबा देऊन घरी यायची. लोक म्हणत, हिला मुलाची काळजी नाही.

शेवटचा सामना सदरकडच्या एका मोठ्या मैदानावर होता. समोर तिकडचीच शाळा. मैदानाला चुन्याच्या ताज्या रेघा मारलेल्या, आणि एका टेबलामागे काळी टोपी घातलेले एक गृहस्थ वही घेऊन बसलेले. अमरावतीची नावं तेच काढणार होते. आमच्या गल्लीतले दहा-बारा जण आले होते. आईसुद्धा आली होती, पण खेळ पाहायला नाही. लुगड्यांसाठी व्यापाऱ्याचा माणूस घरी येऊन बसला होता, म्हणून ती वडिलांना घेऊन जायला आली होती.

"डाव झाला की येतो," वडील म्हणाले.

"मंग मी इथंच उभी राहते," आई म्हणाली. तिला त्यांचे डाव माहीत होते.

आम्ही तिघी पळायला उतरलो. आमच्या मागे लागलेली मुलगी काळीसावळी, किडकिडीत, दोन घट्ट वेण्यांची. पहिलं मिनिटभर तिने कोणाला मारायचा प्रयत्नच केला नाही. नुसती मागे धावत आमच्याकडे बघत होती. आमच्या बाजूचे लोक हसले. मग ती खांबापाशी वळता वळता बसलेल्या मुलींना काहीतरी म्हणाली, आणि हसण्यासारखं काही उरलं नाही. आता आम्ही बाहेर पडायच्या आतच त्या जागेच्या मुलीला खो मिळालेला असायचा. आम्ही कुठून बाहेर पडणार हे त्यांना आमच्याइतकंच पाठ झालं होतं. एकीच्या आतून, पुढचीच्या बाहेरून. त्यात बदल होणार नव्हता, कारण वडिलांनी दोन महिने खपून तो होऊ नये अशी व्यवस्था केली होती. आमची पहिली गेली. दुसरी तर आपल्या पायांनी चालत जाऊन उठलेल्या मुलीच्या हातात पडली.

मी एकटी उरले. टोपीवाले गृहस्थ वहीत लिहीत होते. मी बाद झाले की नाव गेलं, नाव गेलं की नववी गेली, आणि उन्हाळ्यापासून मी चाकापाशी.

"चाल मोडू नको!" रेघेपलीकडून वडील ओरडले. "आत! बाहेर! आत!"

माझ्यापुढे बसलेल्या तिसऱ्या मुलीने टाच उचलली होती, हात जमिनीला टेकले होते आणि मी जिथून निघणार त्याच बाजूला तिची मान होती. मी निघाले नाही. जागच्या जागी वळले आणि आल्या वाटेने मागे पळाले.

नंतर काय केलं ते सगळं क्रमाने आठवत नाही. दोन मुली सोडून तिसरीपाशी शिरले. खांबाला वळसा घातला आणि अर्ध्यातून परत फिरले. एकदा तर मोकळ्या मैदानात नुसती सरळ पळत सुटले. किडकिडीत मुलीने खो दिला की उठणारी भलतीकडेच तोंड करून उभी. जे करू नको म्हणून शिकवलं होतं, ते सगळं मी एकामागून एक केलं. लोक ओरडायला लागले. तेवढ्यात पंचांची शिटी वाजली आणि खेळ थांबला. वळून पाहिलं तर वडील चुन्याची रेघ ओलांडून मैदानात आले होते.

"अवं भैताड! गुंतवलं नं सारं! वापस ये, पहिल्यापासून कर!"

"हे गृहस्थ कोण?" पंचांनी विचारलं.

आमच्या बाई गळ्यातली शिटी निरखून बघू लागल्या.

"अहो, ती वाचतेय!" वकिलीणबाई छत्री उगारून वडिलांना म्हणाल्या. "तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसते नं बाई! पण चुकीची वाचून राहिली!"

"या माणसाचं पाऊल पुन्हा आत पडलं तर अख्खा संघ बाद," पंच म्हणाले. मग आई पुढे आली. तिने वडिलांची बाही धरली, त्यांना रेघेबाहेर नेऊन उभं केलं, आणि डाव संपेपर्यंत बाही सोडली नाही. मी शेवटच्या शिटीपर्यंत बाद झाले नाही.

सामना मात्र आम्ही हरलो. पाठलाग करायची पाळी आमच्यावर आली तेव्हा कप्तान पुढे झाली. पाठलाग करणाऱ्या मुलीला बसलेल्यांच्या मधून जाता येत नाही. तिला आपल्याच बाजूने धावावं लागतं. पण महिनाभर आमच्या गल्लीत पळून तिच्या पायांना आत-बाहेर बसलं होतं. दर दोन मुलींनंतर ती मधली रेघ ओलांडायची आणि पंच शिटी वाजवायचे. वकिलीणबाई दर वेळी म्हणायच्या, "अन्याय आहे हा." संपूर्ण डावात तिने एकीला मारलं, ती पण पाय घसरून पडली होती म्हणून.

टोपीवाल्या गृहस्थांनी नावं वाचली. त्यात किडकिडीत मुलगी होती आणि मी होते. ते उठून आमच्या बाईंना म्हणाले, "हिला हे असं वळायला कोणी शिकवलं?"

बाईंनी वडिलांकडे बोट केलं.

"मी नाई," वडील म्हणाले. "मी असलं शिकवत नाई."

घरी जाताना आई पुढे, मी मधे आणि वडील बरेच मागे, असे चाललो. व्यापाऱ्याचा माणूस कंटाळून निघून गेला होता. वडील मागावर बसले, पण हात चालवला नाही.

"ते अमरावती-फमरावती काई नाई," ते म्हणाले. "असं बेताल पळून नाव लागलं, त्याले नाव लागणं म्हणत नाई."

"मंग काय म्हणतात?" आईने विचारलं.

"नशीब."

"नशिबानं लागो का चालीनं लागो. नाव लागलं तर नववी, असं तुमीच म्हणलं होतं. मी लक्षात ठेवलं हाय."

वडिलांनी मान वर केली. "काहून वं, तूच म्हणत होती नं, शिकून काय होईल?"

"ते मी आताबी म्हणते," आई म्हणाली. "पण पोरगी घरी राहिली तर तुमी सकाळ-संध्याकाळ तिची चाल सुधारत बसान, अन् दोन्ही माग बंद. शाळेत गेली तर एक तरी चालंल. अन् एक सांगते. ज्या मैदानावर ही खेळंल, तिथं तुमचं पाऊल नाई पडलं पाहिजे."

थोड्या वेळाने माग सुरू झाला. माझ्या शिक्षणाचा निर्णय असा झाला. त्यात विद्येचा संबंध नव्हता आणि माझ्या खेळाचाही फारसा नव्हता.

अमरावतीला आमच्याबरोबर शिवणाच्या बाई तेवढ्या आल्या. त्या सामन्यांच्या वेळी कडुलिंबाखाली बसून झबल्यांना गुंड्या लावत होत्या. आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. का हरलो ते कोणी समजावून सांगितलं नाही, त्यामुळे आम्हाला ते लगेच कळलं. किडकिडीत मुलगी आणि मी तेवढ्यावरून भांडलो, संत्री खाल्ली आणि पुन्हा भांडलो. इतका सुखाचा सामना मी नंतर खेळले नाही.

जुलैत मी नववीत जाऊन बसले. माझ्या वाटच्या कांड्या भरायचं काम आईने वडिलांवर टाकलं. वेळ तिनेच ठरवून दिली, संध्याकाळी पाच ते सात. शाळेचं मैदान तेव्हाच भरायचं.